हाजी शलकामींची प्रश्नचिन्हं

निवडणूक आली की इजिप्तमधल्या दमनहूर शहरातल्या बसयूनी छापखान्यात श्वास घ्यायला फुरसत नसे. फलकांची सगळी कामं शाहिनाज करायची. चित्रकला शिकताना तिला वाटलं होतं, आपण समुद्र रंगवू. प्रत्यक्षात ती उमेदवारांच्या दुहेरी हनुवट्या खोडत बसली होती.

त्यातली सर्वांत चिवट हनुवटी कापसाचे व्यापारी हाजी शलकामी यांची. त्यांचा प्रचार सांभाळायला त्यांचा भाचा सरवत होता. तो स्वतःला डिजिटल सल्लागार म्हणवायचा. त्याने घोषणेची साधी मजकुराची फाइल पाठवली. ती जतन करताना मात्र त्याने असा प्रकार निवडला होता, की ज्याला अरबी अक्षरं ठाऊकच नव्हती. शाहिनाजने फाइल उघडली तर आत नुसती प्रश्नचिन्हं. मजकूर हाजींच्या फोटोखाली चिकटवून पाहिला, तरी तेच.

तिने फोन लावला. "सरवतसाहेब, तुमच्या घोषणेत सगळी प्रश्नचिन्हंच आलीत."

"लोकांच्या सगळ्या प्रश्नांना हाजी सभेत उत्तरं देतील, मॅडम."

"अहो, लोकांचे प्रश्न नाहीत हे! अक्षरं उडालीत. युनिकोडमध्ये जतन करून परत पाठवा."

"घोषणा समितीने मंजूर केलीय. टिंबसुद्धा इकडचं तिकडे करायचं नाही," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

शाहिनाजने नमुना होता तसाच पाठवला. बघतील तेव्हा कळेल, असा तिचा हिशेब. उत्तर आलं, मान बारीक करा. मग आलं, मिशी काळी करा. मग, डोळ्यांत थोडी करुणा आणा. तिने करुणाही आणली. प्रश्नचिन्हांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. शेवटी मंजुरी आली.

मालक बसयूनींनी नमुना पाहून कपाळाला हात लावला. पण मागच्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या नावातली चूक त्यांनी दुरुस्त केली होती आणि त्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या. "मंजूर म्हणजे मंजूर, पोरी. छापून टाक."

आणखी एक फोन करता आला असता, हे तिला कळत होतं. पण तिने छापलं, आणि छापताना तिला मजाही वाटली.

फलक लागले आणि चहाच्या दुकानांत दुसरा विषय उरला नाही. "थापा न मारणारा पहिला उमेदवार!" एक म्हातारा म्हणाला. "देशाची अवस्था एका ओळीत मांडली," असं वकीलमंडळी म्हणाली. संतापलेले हाजी छापखान्याकडे निघाले, तर वाटेत अनोळखी माणसांनी त्यांना मिठ्या मारल्या. दारात पोचेपर्यंत त्यांचा राग गोंधळून गेला होता.

"काय छापलंस हे?"

"तुम्ही मंजूर केलंत ते," शाहिनाज म्हणाली.

"मी माझं तोंड मंजूर केलं होतं!"

"मामा, लोकांना आवडलंय," मागोमाग आलेला सरवत हळूच म्हणाला. "आपण हे मुद्दाम केलं असं सांगू."

दोन-चार दिवस ते खपलंही. पण सभेत एक भाजीवाली उभी राहिली. "हाजी, प्रश्न कोणता ते तरी सांगा की!"

हाजींनी सरवतकडे पाहिलं. सरवतने फोनमध्ये फाइल उघडली, तिथेही प्रश्नचिन्हंच. तो खोकला. समितीला मूळ घोषणा आठवेना. "त्यात प्रगती होती," एकजण कुजबुजला. "उज्ज्वल पण होतं," दुसरा म्हणाला.

सकाळीच मंडळी छापखान्यात हजर. "आतली अक्षरं बाहेर काढ," हाजी म्हणाले.

"आत काही नाहीच, हाजी. ज्या अक्षरांना त्या फाइलमध्ये जागा नव्हती, त्यांच्या जागी चिन्हं बसली. आता ती खरीखुरी प्रश्नचिन्हंच आहेत."

"मग तूच लिही काहीतरी. छोटंसं."

उज्ज्वल हा शब्द छापून छापून ती विटली होती. मागच्या हिवाळ्यात तिची भाची शाळेसमोरच्या उघड्या नाल्यात पडून पाय मोडून बसली होती. तिने लिहिलं, 'मुलींच्या शाळेसमोरचा नाला मी झाकणार.'

"यात राष्ट्र कुठंय?" सरवत कळवळला.

"वाचता येतंय ना? छाप," हाजी म्हणाले.

हाजी निवडून आले आणि त्यांची पंचाईत झाली. प्रगती कुठे राहते ते कुणाला माहीत नसतं, नाल्याला मात्र पत्ता असतो. मशिदीबाहेर, लग्नात, अगदी मयतीलाही लोक त्यांचा हात धरून विचारायचे, "हाजी, नाल्याचं काय झालं?" अखेर वैतागून त्यांनी दगडी फरशा टाकून घेतल्या. वर मोठी संगमरवरी पाटी लावली.

पाटीचा मजकूर सरवतने स्वतः मांडला, तोही चित्रं काढायच्या एका फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये. त्या सॉफ्टवेअरला अरबी अक्षरं जोडता येत नव्हती. उजवीकडून वाचायची अक्षरं सुटी झाली आणि उलट्या क्रमाने, डावीकडून बसली. पाथरवटाने समोर आलं तसं कोरलं.

उद्घाटनाला हाजींनी पडदा ओढला, पाटीकडे बराच वेळ पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. शाळा सुटली तशा मुली पाटीभोवती जमल्या आणि डावीकडून एकेक अक्षर लावत ओरडून वाचू लागल्या. हाजींच्या उलट्या, सुट्या नावाशी पोचल्यावर तर त्यांना हसू आवरेना.

गर्दी पांगल्यावर शाहिनाज मधल्या फरशीवर गेली आणि तिने जोरात पाय आपटून पाहिला. फरशी हलली नाही.