अकरा बायका, दहा आवाज

धुळ्याच्या देवपूर भागात प्रेमराज काटेवाल्याला सगळे ओळखतात. किराणा दुकानांपासून कापसाच्या जिनिंगांपर्यंत सगळ्यांचे वजनकाटे तो दुरुस्त करतो, आणि पाच ग्रॅमचा फरक निघाला तरी त्याला जेवण गोड लागत नाही. असा माणूस इअरफोनच्या नादी लागला, तर तो नाद साधा कसा असेल? काटेवाल्याने कान तोलायला घेतले, असं गल्ली म्हणायची.

त्याचा एक चॅनेल होता, ‘काटेकोर कान’. तीनशे बारा लोक बघायचे, त्यातले चाळीस एकट्या गल्लीतले. प्रत्येक नव्या इअरफोनला तो दहापैकी गुण द्यायचा, आणि देताना हात असा आखडायचा की सहा मिळाले तर ती चैन समजावी. त्याचा नियम एकच होता, भरिताचा. वांगं, मिरची, लसूण, कांद्याची पात सगळं एकत्र कुटलं, तरी खाताना प्रत्येक वस्तू वेगळी लागली पाहिजे. नाही लागली, तर तो लगदा.

बाकीचे हौशी लोक परदेशी गाण्यांवर पारख करतात. प्रेमराजला ते पटायचं नाही. “ते गाणं झालं तेव्हा तुम्ही तिथे होतात का? मग आवाज बरोबर आला हे कशावरून सांगता?” असं तो विचारायचा. म्हणून त्याने गेल्या श्रावणात गल्लीत दर श्रावणात बसणाऱ्या कानबाई देवीच्या गाण्यांचं स्वतः रेकॉर्डिंग केलं. दोन माइक लावले, अकरा बायका बसवल्या, कोण कुठे बसली ते वहीत लिहून ठेवलं. तेव्हापासून प्रत्येक इअरफोनला हीच सहा मिनिटांची परीक्षा.

या आषाढात जळगावच्या अभिमनने, म्हणजे त्याच्याच जातीच्या वेड्याने, आपला मोठा हेडफोन आठ दिवस वापरायला एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवला. प्रेमराजने तो डोक्यावर चढवला आणि खुर्चीतच ताठ झाला. गल्लीतल्या कौतिकच्या बांगड्या उजवीकडे. त्याची बायको ज्योती डावीकडे, दुसऱ्या कडव्यात दम लागलेली. एकेक बाई बोट ठेवून मोजावी इतकी वेगळी. त्याने मोजल्या. टाळ्या अकरा जणींच्या. आवाज दहा.

पुन्हा मोजले. दहाच.

काटेवाल्याला याचा आनंद झाला, हे सांगताना मला त्याची लाज वाटते, पण झाला. रविवारी सकाळी त्याने चॅनेलवर हेडफोनला नऊ गुण दिले आणि छाती फुगवून म्हणाला, “बारकावा इतका की अकरा बायकांत एक जण नुसते ओठ हलवतेय, हेसुद्धा कळतं!”

दुपारपर्यंत गल्ली पेटली. देवीपुढे बसून तोंड चोरलं? कोणी? कानबाई पंधरा दिवसांवर आलेली. सगळ्यांत जास्त चिडल्या मंजुळाबाई. गल्लीच्या अक्का. पस्तीस वर्षं पुढच्या रांगेत मधोमध बसून गाणं उचलणाऱ्या. वर्षभरापूर्वीच्या खोकल्यापासून त्यांचा बोलण्याचा आवाज घोगरा झाला होता, पण “अक्का गायला बसल्या की अजून खणखणीत” असं सगळ्या कौतुकाने म्हणायच्या.

“देवीपुढे लबाडी?” अक्का ओट्यावरून अहिराणीत कडाडल्या. “कोन शे ती, माले माहीत शे! ती सुरतवाली. मना मांगे बसस, अन् मांगून कधी आवाजच येत नही.”

सुरतवाली म्हणजे अक्कांच्या मागे बसणारी ममता, गल्लीत नवी आलेली सून. गेल्या वर्षी पहिल्यांदाच बसलेली, कमी बोलणारी. अक्कांना मागचं ऐकू कमी येतं हे कोणी लक्षात घेतलं नाही. नवीन सून, परगावची, गप्प राहणारी. एवढा पुरावा गल्लीला पुष्कळ झाला. यंदा ममताने गाण्याला बसायचं नाही, असं संध्याकाळपर्यंत ठरूनही गेलं. ममता खाली मान घालून “बरं” म्हणाली.

तेव्हा कुठे प्रेमराजच्या लक्षात आलं. आपण वजन सांगितलं, पण माल कोणाचा ते बघितलंच नाही. त्याने वही काढली, हेडफोन चढवला आणि आवाज एकेक करून जागेवर बसवू लागला. पहिली ओळ पुढच्या चौघी मिळून उचलतात, त्यात मुख्य आवाज अक्कांचा, हे तो इतके दिवस धरूनच चालला होता. आता नीट ऐकलं, तर मधोमध अक्कांच्या जागी नुसती टाळी होती. तो खणखणीत आवाज हातभर मागून येत होता. मागे वहीप्रमाणे ममता.

त्याने हेडफोन काढला आणि ज्योतीला हाक मारली. सगळं ऐकून ज्योती कणीक मळायचीच थांबली.

“म्हणजे त्या पोरीला माहीत आहे?”

“तिलाच माहीत असणार. बाकी कोणाला नाही.”

“आणि ती गप्प बसली, अक्कांची अब्रू जाईल म्हणून.” ज्योतीने कपाळाला हात लावला, तो पिठाचाच. “आता काय करणार? खरं सांगाल तर अक्का मरतील लाजेने. नाही सांगाल तर ती पोर चोर ठरेल. आणि हे सगळं तुमच्या नऊ गुणांपायी!”

उत्तर शोधायला प्रेमराजला वेळच मिळाला नाही. अक्कांचा निरोप आला, उद्या दुपारी त्या स्वतः येऊन ते रेकॉर्डिंग ऐकणार. बायकाही सोबत येणार. ममतालाही आणणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी या माणसाने जन्मात पहिल्यांदा सगळ्यांत वाईट इअरफोन शोधायला घेतला. खोका उपसला. त्यात एक होता, ज्याला त्याने दहापैकी दीड गुण दिले होते, तेही डबी बरी आहे म्हणून. त्यात सगळे आवाज एकमेकांत कालवून यायचे, निव्वळ लगदा. प्रेमराजने तो कापसाने पुसून टेबलावर ठेवला.

“काटा खाली-वर करताय?” ज्योतीने विचारलं.

“करतोय,” तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

दुपारी अकराच्या अकरा जणी त्या दहा बाय दहाच्या खोलीत मावल्या, कशा ते कानबाईला ठाऊक. अक्का खुर्चीवर बसल्या. प्रेमराजने दीड गुणवाला इअरफोन त्यांच्या कानात घातला आणि गाणं लावलं. अक्कांच्या भुवया आधी ताणलेल्या होत्या. मग हळूहळू सैल पडल्या. सहा मिनिटांनी त्या मोठ्ठा श्वास सोडून म्हणाल्या, “कोनी गप नही. बठ्या गाई ऱ्हायन्यात!” सगळ्याच गातायत, असा निकाल लागला.

“हां अक्का,” प्रेमराज लगेच म्हणाला, “मनाच कान चुकना. चॅनेलवर सांगी देस आजच.”

बायका हसल्या. काटेवाल्याचा काटा बिघडला म्हणून टोमणे सुरू झाले. कौतिक म्हणाली, आता किराणा घेताना दुसऱ्याकडून तपासून घ्यावा लागेल. प्रेमराजच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण तो हसत राहिला, कारण ममताची मान वर झाली होती. ती सुटली, अक्का वाचल्या, गेली ती फक्त आपली पत. चालेल, असं त्याने मनाशी म्हटलं. खरं तर फार चाललं नव्हतं.

अक्का उठायला लागल्या आणि त्यांची नजर फळीवर गेली.

“मंग ते मोठं काय शे? तू त्यावरच आयकं ना?”

“ते… त्यानी वायर खराब शे, अक्का.”

पस्तीस वर्षं बायकांना गायला लावणारी बाई ती. पुरुषाची थाप तिला कळणार नाही? “लाव,” त्या म्हणाल्या.

प्रेमराजने ज्योतीकडे पाहिलं. ज्योतीने छताकडे पाहिलं. हेडफोन अक्कांच्या डोक्यावर, पदरावरून, चढला.

गाणं सुरू झालं तशी अक्कांचा हात मांडीवर टाळी देऊ लागला. पहिली ओळ आली आणि हात थांबला. त्यांनी बोटाने खूण केली, पुन्हा. प्रेमराजने पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. ज्योती आणि ममता सोडल्या तर बायकांना काही कळत नव्हतं. ममता दाराकडे सरकली होती.

अक्कांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

“ममता. आठे ये.”

ममता आली.

“मना मांगे बशीसन तू गाये?”

ममताने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“इचारी ऱ्हायनू ना मी?”

“हां, अक्का.”

“मंग काल सांगं का नही? माले, या बठ्यास्ले?”

“तुमले वाईट वाटी म्हनीसन,” ममता पुटपुटली.

 अक्का बायकांकडे वळल्या, आणि तो घोगरा आवाज जेवढा चढवता येईल तेवढा चढवून म्हणाल्या, “आयका वं बठ्या. व्हट हालाडनारी मी शे. खोकला व्हयना तव्हयना मना गळा गया. माले वाटे, तुमी पुढच्या तिघी ओढी ली ऱ्हायन्यात, कोनले कळाव नही. अन् जी पोर मनी लाज राखी ऱ्हायनी व्हती, तिलेच मी चोर म्हनं.”

 ज्योतीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ममता तर हुंदके देऊन रडायला लागली.

“रडू नको!” अक्का खेकसल्या. “दुसरा कडवामा दोन शब्द गिळी गई तू. आते आयकं मी. यंदा मधमा तू बसशी, मंग गिळीसन कसं चाली?”

“अन् तुमी?”

“मी मांगे बसस. टाळी वाजाडस.”

असं म्हणून अक्का उठल्या खऱ्या, पण दारापाशी थबकल्या. जरा ओशाळून, हळू आवाजात त्यांनी विचारलं, “प्रेमराज, मना गळा व्हता तव्हयनं काही शे का रे तुनाकडे? मी कधी आयकंच नही.”

प्रेमराजने मान हलवायला घेतली आणि त्याला आठवलं. सहा वर्षांपूर्वी ज्योतीने आपल्या जुन्या मोबाइलवर अक्कांचं गाणं असंच टिपलं होतं. मागे कुकरच्या शिट्या, कोणाचं तरी पोर रडतंय, अर्धं गाणं कापलेलं. त्याच्या हिशोबी कचरा, एकदा ऐकून बाजूला टाकलेला. संगणकात शोधायला त्याला दहा मिनिटं लागली, आणि त्या दहा मिनिटांत एकही बाई घरी गेली नाही. मोठा हेडफोन पुन्हा अक्कांच्या डोक्यावर चढला.

अक्का ऐकत राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, “ही कोन शे?”

“तुमीच, अक्का.”

“मी?” त्यांनी हाताने हेडफोन कानावर घट्ट दाबला. “भलती चांगली गाये वं ही.”

गाणं मध्येच तुटलं तिथपर्यंत त्या तशाच बसल्या. मग पदराने डोळे पुसून हेडफोन काढला, ममताला हाताला धरून आपल्या खुर्चीवर बसवलं आणि तिच्या डोक्यावर तो नीट, दोन्ही कान झाकतील असा बसवला.

“ले, आयक,” त्या म्हणाल्या. “असं म्हननं पडस.”