तिसऱ्या रांगेतली सीट

मी बोलतेय, सात सीटांच्या गाडीतली अगदी शेवटची सीट. माझ्यामागे फक्त डिकी.

कारखान्यात मला शिवलं तेव्हाच माझ्या पाठीत बिजागरी घातली. नको असेन तेव्हा दुमडता यावं म्हणून. मस्कतमध्ये लोकेश यांनी गाडी घेतली आणि पुढची काही वर्षं मी दुमडलेलीच होते. पाठीवर पाण्याच्या बाटल्यांचे खोके आणि कांद्याची पोती.

मग मस्कतजवळ अमेरातला, लोकेश यांच्या घरी, त्यांचे आईवडील राहायला आले. तेव्हा मला उभं केलं.

कुणी कुठे बसायचं हे कधी ठरलंच नाही. पहिल्याच दिवशी लोकेश यांनी पुढचं दार उघडलं. "बाबा, तुम्ही पुढे बसा." बबनराव बसले. मधे सूनबाई भावना आणि मुलं, रश्मी आणि धम्मदीप.

"आई, तू मागे जा ना. तू बारीक आहेस," लोकेश म्हणाले.

सुलोचनाबाई एसटीत कंडक्टर होत्या. धावत्या गाडीत उभं राहून त्यांचे गुडघे गेलेले. बबनरावांचे ठणठणीत. तरी मधली सीट सरकवून, वाकून, हातांनी पाय उचलत त्याच माझ्यापर्यंत येत.

"आई, जरा पटकन. एसी बाहेर जातोय," भावना म्हणत.

एकदा त्या म्हणाल्या, "अहो, एक दिवस मला पुढे बसू द्या. नोकरीत लोकांची तोंडं बघितली, इथे पाठी बघतेय. रस्ता समोरून कधी बघितलाच नाही."

"रस्त्यात काय बघायचंय? डांबर?" बबनराव म्हणाले. सगळे हसले. सुलोचनाबाईही हसल्या, पण त्यांनी माझी कड मुठीत घट्ट धरली होती.

मागच्या महिन्यात बबनराव कामासाठी गावी गेले. शुक्रवारी मस्कतमधल्या वादी कबीरला बुद्धवंदना होती, नंतर मत्रहला समुद्रावर जायचं होतं. सुलोचनाबाई पांढरी साडी नेसून सगळ्यांच्या आधी खाली आल्या. पुढच्या दाराला हात लावून उभ्या राहिल्या. दार उघडताच आठवीतला धम्मदीप त्यांच्या हाताखालून आत घुसला आणि सीटबेल्ट लावून मोकळा झाला.

"धम्मू, ऊठ ना, आजी बसतेय," रश्मी हळूच म्हणाली.

"बसू दे गं. बाबा नाहीत, तर आता तोच मोठा माणूस!" लोकेश हसले. "आई, आज तुझं प्रमोशन. मधे बस."

सुलोचनाबाईंनी दार सोडलं. "तुम्ही जा. माझे गुडघे दुखतायत."

"मग आधीच नाही का सांगायचं? उशीर झाला," भावना म्हणाल्या.

आम्ही निघालो. डोंगरातून जाणारा तो रस्ता धम्मदीपने पाहिलाच नाही. तो मोबाइलवर गेम खेळत होता. भावना फोनवर मैत्रिणीला सांगत होत्या, "आमच्या आईंना ना, बाहेर जायची आवडच नाही."

त्यानंतर सुलोचनाबाईंना कुणी चला म्हटलं नाही. बबनराव परत आले आणि पुढे बसू लागले. मी पुन्हा दुमडलेली आहे. अंगावर तांदळाच्या पिशव्या आहेत.

माझं काही म्हणणं नाही, मी बनलेच त्यासाठी. पण तुमच्या घरातली म्हातारी बाई बरोबर यायची बंद झाली, तर तिला आवड नाही, असं निदान सांगत फिरू नका.