टॉवेल-टोपीवर चालणारी मशीन

मित्रांनो, निपाणीहून आलेल्या एका पत्राला माझ्या मालकांनी दिवाळीपासून होळीपर्यंत उत्तर दिले नव्हते. ते पत्र माझ्याच डोक्यावर, म्हणजे पाण्याच्या टाकीच्या झाकणावर पडून होते. त्यावर आधी धूळ बसली, मग कुणीतरी चहाचा कप ठेवला. पत्रात अवघड असे काहीच नव्हते. निपाणीतल्या एका बुद्धविहाराच्या सभागृहात लोकरीचा मोठा गालिचा आहे, तो धुवायचा आहे, तरी आपले लेखी दरपत्रक पाठवावे, एवढेच. खाली विहाराच्या खजिनदार सुविधाबाईंची सही होती.

इतक्या साध्या प्रश्नाने एखाद्या माणसाची झोप उडावी, हे तुम्हाला पटणार नाही. म्हणून मला माझी हकिकत पहिल्यापासून सांगावी लागेल. मी गालिचे धुणारी एक जुनी मशीन आहे. नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. माझा जन्म ओढण्यासाठी झाला आहे, बोलण्यासाठी नाही.

दूरच्या एका कारखान्यात मला जोडण्यात आले. एक मोटर, दोन टाक्या, एक लांब नळी आणि खाली चार चाके, असा माझा देह. एका टाकीतून मी साबणाचे पाणी गालिच्यात सोडते आणि त्याच क्षणी ते मळासकट ओढून दुसऱ्या टाकीत घेते. पहिल्यांदा ते काळे पाणी पाहिले तेव्हा मला स्वतःचीच किळस आली होती. नंतर समजले, की ते काळे पाणी हेच माझे काम झाल्याची खूण आहे.

बेळगावातल्या एका हॉटेलात मी नोकरीला लागले. तिथे सफाई खात्यात मष्णूअण्णा होते. जवळच्याच कंग्राळी गावचा माणूस, थोडी शेती, दोन म्हशी आणि ही नोकरी. त्यांनी मला कधी ओढत नेले नाही, नेहमी ढकलत नेले. जिना आला की उचलत. काम झाले की टाकी धुऊन पालथी घालत. हॉटेल बंद पडले तेव्हा शेवटच्या पगाराऐवजी मालकाने त्यांना मला दिले. इतर नोकर हसले. मष्णूअण्णा मात्र मला गोणपाटात गुंडाळून कंग्राळीला घेऊन आले, जणू घरात सून आणत होते.

मग आमचा स्वतःचा धंदा सुरू झाला. पहिली काही वर्षे माझे कौतुक फार झाले. मष्णूअण्णांच्या कामाला तोड नव्हती. आधी गालिचा उलटा टाकून झटकायचा. मग पांढरे फडके ओले करून एका कोपऱ्यात घासायचे, रंग उतरतो का बघायला. लोकर असेल तर पाणी कमी आणि वाळायला वेळ जास्त. गालिचा हाताला कोरडा लागला तरी त्याची पाठ ओली असते, हे ते सगळ्यांना सांगत.

पण त्यांना एक गोष्ट सांगता येत नसे. दर.

आमच्याकडे सगळेच एकमेकांचे पाहुणे लागतात. कंग्राळीची मुलगी अनगोळला दिलेली, अनगोळची जांबोटीला. अशा ठिकाणी पाहुण्याला दर सांगणे म्हणजे त्याला परके ठरवणे. मग गिऱ्हाईक विचारी, "किती द्यायचं अण्णा?" आणि मालक मष्णूअण्णा जमिनीकडे बघत म्हणत, "काय द्यायचं ते द्या की." लोकही चांगले. ते काय द्यायचे ते देत. टॉवेल, टोपी आणि नारळ.

मित्रांनो, टॉवेल-टोपी हा आपल्याकडचा मान आहे, मला तो कळतो. पण माझ्या मोटरीत कार्बनचे दोन तुकडे असतात. ते झिजत जातात आणि बदलावे लागतात. ते दुकानात टोपी देऊन मिळत नाहीत. माझी नळी फाटली, तिला चिकटपट्टी लावली. मोटर गरम होऊन जळका वास येऊ लागला. ट्रंकेत टॉवेल मात्र इतके साठले, की झाकण बसेना.

मालकीणबाई मालुबाई म्हशीची धार काढता काढता बोलत. "पाडव्यापर्यंत बघते. न्हायतर भंगारवाल्याला बोलावते. निदान जागा तरी मोकळी व्हईल."

हे त्या माझ्यासमोरच म्हणत. मला त्यांचा राग येत नसे. राग यायचा तो मालकांच्या गप्प बसण्याचा.

अनगोळला मालकांच्या साडूंचे, मारुतीरावांचे, मंगल कार्यालय आहे. हिवाळ्यात त्यांनी आम्हाला बोलावले. दुसऱ्या दिवशी तिथे साखरपुडा होता.

"आलास व्हय? बरं झालं," मारुतीराव म्हणाले. "हॉलचा तेवढा तांबडा गालिचा धुऊन टाक. लई मळलाय."

मालकांनी ओठ हलवले. त्यांनी घरून दर पाठ करून आणला होता, मी स्वतः ऐकला होता. पण मारुतीरावांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला.

"आपल्यात काय रेट-बिट रं? घरचंच काम हाय. आणि आलाच हाईस तर स्टेजवरचा पण घे. आणि ते सोफं. आणि दारातली पायपुसणी र्‍हायलीच की!"

"व्हय, व्हय," मालक म्हणाले.

ठरलेला मोबदला नसला की कामालाही हद्द राहत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. सोफ्यांपर्यंत येता येता संध्याकाळ झाली. गालिचा वाळायला वेळच उरला नाही. पाठ ओली आहे हे मालकांना ठाऊक होते, तरी त्यांनी तो अंथरू दिला. साखरपुड्याला आलेली मंडळी त्याच्या कुबट वासाने नाकाला पदर लावून बसली. नवऱ्या मुलीच्या मामाने म्हणे विचारले, "हितं काय म्हस मेलीया का?"

मालकांनी पुन्हा येऊन फुकट धुऊन देतो म्हटले. आम्ही गेलोही. तर हॉलमध्ये गणवेश घातलेली चार माणसे काम करत होती. बाहेरून आलेली, बूट-मोजेवाली. मारुतीराव स्वतः त्यांना चहा देत होते. टेबलावर त्यांचा छापील दर होता आणि त्यावर मारुतीरावांची सही.

"ह्यांना... कमी करा म्हटला न्हाईसा?" मालकांनी हळूच विचारले.

"कागदावर असतंय रं त्यांचं," मारुतीराव जरा ओशाळून म्हणाले. "कागदाला काय बोलायचं? तू घरचा. तुला कशाला तरास, म्हणून न्हाय सांगितलं."

त्यानंतर मी कोपऱ्यात गेले. डोक्यावर पुन्हा ते पत्र, पत्रावर कप.

शिमग्यानंतर एका सकाळी दारात एक बाई उभ्या राहिल्या. कॉलेजात शिकवणाऱ्या असाव्यात, खांद्याला पिशवी आणि पिशवीत उत्तरपत्रिका. त्याच निपाणीच्या सुविधाबाई. काही कामासाठी बेळगावला आल्या होत्या आणि घर विचारत विचारत कंग्राळीत शिरल्या होत्या.

"मष्णूअण्णा तुम्हीच ना? पत्र पोचलं नाही का?"

"पोचलं की मॅडम." मालक उठून उभे राहिले. "पण त्यात लिवायचं काय? गालिचा आणा, धुतो. काय द्यायचं ते द्या."

बाई हसल्या नाहीत. खुर्ची दिली होती, तीही त्यांनी घेतली नाही.

"अण्णा, माझी आजी कोंडाबाई लोकांच्या खळ्यावर राबायची. दिवस मावळला की पदर पसरायची आणि म्हणायची, काय द्यायचं ते द्या. देणारा मनाला येईल तेवढं टाकायचा, वर उपकार केल्यासारखं बघायचा. आमच्या घरात ते वाक्य बंद झालं, त्याला दोन पिढ्या गेल्या. तुम्ही कशाला ते उचलून घरात आणलंत?"

मालुबाई चुलीपुढून वळून बघू लागल्या. बाहेर म्हशीने शेपटी हलवली.

"आमच्याकडं लोक वर्गणी देतात," बाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "मला त्यांच्यापुढं कागद ठेवायचाय. गालिचा कसा धुणार, वाळायला किती दिवस ठेवणार, पैसे किती घेणार. सावकाश विचार करून लिहा आणि पोस्टानं पाठवा. माझ्या तोंडाकडं बघून कमी करू नका."

"आणि दर बघून तुम्ही न्हाय म्हटलासा तर?"

"तर न्हाय म्हणेन. त्यानं तुम्ही मरणार आहात का?"

मालुबाई चुलीपासून ओरडल्या, "ह्येच मी लग्न झाल्यापासनं सांगत्ये, तर मी भांडकुदळ!"

त्या रविवारी मालक कागद घेऊन माझ्याशेजारी बसले. त्यांनी दर लिहिला, खोडला, कमी लिहिला. मालुबाईंनी खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवले. "ह्योच. ह्यात मशीनच्या मोटरीचा खर्च निघतोय, आणि तुझ्या कंबरेच्या औषधाचा पण." मालकांनी तो पुन्हा लिहिला. त्याखाली लिहिले, की लोकरीचा गालिचा पुरता वाळल्याशिवाय परत दिला जाणार नाही, घाई असल्यास काम घेतले जाणार नाही. हे वाक्य त्यांनी दोनदा गिरवले.

मित्रांनो, मी यंत्र आहे, उपदेश करण्याचा माझा अधिकार किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण आम्हाला फडक्याने पुसून ठेवले, म्हणजे आमची काळजी घेतली असे नाही. तुमच्या घरी कुणी काम करायला आले, तर काम सुरू होण्याआधी दर विचारा. त्याला सांगवत नसेल, तर जरा थांबा. आणि मोठे होऊन तुम्ही स्वतः एखादे काम नीट शिकलात, तर त्याचा दर खाली न बघता सांगा. मी फार वाट पाहिली आहे, म्हणून सांगते.

दुसऱ्या दिवशी मालुबाईंनी दुधाच्या पैशांतून नोटा काढून दिल्या आणि मला मोटरवाल्याकडे न्यायला शेजारच्या रवळूची मालरिक्षा आली. वाटेत टपालपेटी दिसताच मालकांनी रिक्षा थांबवली. खिशातून पाकीट काढले. मग दुसरेही काढले. तो पत्ता रवळूने मान वाकडी करून वाचला.

"मारुतीराव, अनगोळ? अण्णा, अनगोळ ह्ये काय पलीकडं! जावा की. न्हायतर फोन लावा."

"तोंडावर दर सांगाय न्हाय जमायचं मला," मालक म्हणाले. "कागदाला ते काय बोलत न्हाईत. बघूया."

निपाणीचे पाकीट त्यांनी पेटीत टाकले. ते आत पडल्याचा आवाज मला लगेच ऐकू आला. अनगोळचे पाकीट त्यांनी फटीत अर्धे सरकवले आणि तसेच धरून उभे राहिले. मागून एका गाडीने हॉर्न दिला.

मग तेही पडले.