सोनेरी पट्टी

डूगल पेट्रीचा कशावरच विश्वास नव्हता. बिस्किटाच्या पुड्यावर दोनशे ग्रॅम छापलेलं असलं, तरी तो पुडा आधी घरच्या काट्यावर चढायचा आणि मगच चहाबरोबर समोर यायचा. पस्तीस वर्षं त्यानं स्कॉटलंडमधल्या फाइफच्या किनाऱ्यावर वजनमापं तपासायची सरकारी नोकरी केली होती. खाटकांचे काटे, पबातली मापं, पेट्रोलचे पंप, काही म्हणून सोडलं नव्हतं. नोकरी सुटून बारा वर्षं झाली, खोड मात्र सुटली नाही.

त्यामुळे एर्ची क्रॉम्बीच्या गोल्फच्या दुकानात त्याच्या मुलीनं, इशबेलनं, नवं मशीन आणलं, तेव्हाच डूगलचे कान टवकारले. गिऱ्हाइकानं जाळीत चेंडू मारायचा, मागचा डबा काठीचा वेग मोजणार, आणि काठीला किती कडक दांडा हवा ते इशबेल सांगणार. पहिल्या आठवड्यात गोल्फ क्लबातले सहा जण जाऊन आले. शहरातल्या मोठ्या दुकानातून आणलेल्या त्यांच्या काठ्या बघून तिनं सहाही जणांना एकच सांगितलं, दांडा फार कडक आहे, मऊ घ्या.

सहापैकी सहा! बिघडलेला काटा कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. दर वेळी दुकानदाराच्याच बाजूनं चुकणारा काटा मुद्दाम बिघडवलेला असतो, हे डूगलनं जन्मभर पाहिलं होतं. शनिवारी त्यानं क्लबात भर सभेत जाहीर केलं, "मंगळवारी मी स्वतः तपासून येतो. तोवर कुणी तिकडे फिरकू नका." आणि खरोखरच कुणी फिरकलं नाही, कारण मापाच्या बाबतीत डूगलचा शब्द म्हणजे सरकारी शिक्का.

मशीन ईस्टरपर्यंतच चाचणीला आणलेलं होतं. गिऱ्हाईक आलं नाही तर ते परत जाणार, आणि पाठोपाठ दुकानालाही कुलूप लागणार, हे डूगलला ठाऊक होतं. एर्ची त्याचा पन्नास वर्षांपासूनचा जोडीदार. दर गुरुवारी दोघं मिळून खेळायचे आणि त्याहून जास्त भांडायचे. त्याच्या दुकानाच्या विचारानं डूगलला रात्री नीट झोप लागली नव्हती. पण खोटं माप ते खोटंच, मग ते कुणाच्या का दुकानातलं असेना.

मंगळवारी सकाळी तो आपली काठी घेऊन दुकानात शिरला.

"या डूगलकाका," इशबेल म्हणाली. "चहा ठेवू?"

"तपासणीच्या आधी मी दुकानदाराचा चहा घेत नाही."

"बाबांनी सांगितलंच होतं, असंच म्हणाल म्हणून. मारा मग."

त्यानं सहा चेंडू मारले. पडद्यावर आकडा आला, ताशी शहात्तर मैल.

"हॅ! पंच्याण्णव तरी असेल."

"शहात्तर म्हणजे छानच आहे हो या वयात. त्याला सीनियर दांडा लागतो, मऊ. तुमच्याकडे कुठला आहे?"

"कडक!" डूगलनं काठीच्या मुठीखालची सोनेरी पट्टी तिच्या नाकासमोर धरली. पट्टीवर ठसठशीत अक्षरांत तेच लिहिलेलं होतं. "तीस वर्षं मी कडकच वापरतोय. तुझ्याच बापानं बसवलाय. आणि माझा चेंडू नाकासमोर जातो, विचार कुणालाही."

इशबेल कोड्यात पडल्यासारखी काठीकडे बघत राहिली. "नवल आहे. या वेगाला कडक दांडा असेल तर चेंडू उजवीकडे झुडपात जायला हवा."

डूगलला हेच हवं होतं. कोपऱ्यात दुसरं छोटं यंत्र होतं. त्यात काठीची मूठ आवळायची, टोक ओढून सोडायचं, की दांडा मिनिटाला किती वेळा थरथरतो ते कळायचं. जितका कडक, तितका आकडा मोठा.

"काटा खरा की खोटा हे कसं बघतात, माहीत आहे पोरी? वजन नक्की ठाऊक असलेली वस्तू त्यावर ठेवून. ही काठी कडक आहे, हे मला नक्की ठाऊक आहे. कडकचा आकडा किती?"

"दोनशे पंचावन्न."

त्यानं स्वतःच्या हातानं काठी आवळली आणि टोक सोडलं. दोनशे अठ्ठावीस.

"पकडलं!" डूगल ओरडला. "हेसुद्धा खोटं!"

इशबेलचा चेहरा उतरला. तिनं फळीवरून कारखान्याच्या सीलबंद वेष्टनातला कडक दांडा काढला, वेष्टन त्यालाच फोडायला लावलं आणि दांड्याला त्याच्याच काठीचं डोकं आणि मूठ चढवली. दोनशे पंचावन्न. त्यानं दुसरा दांडा मागितला. पुन्हा दोनशे पंचावन्न, वर एक.

डूगल खुर्चीत बसला. काटा बरोबर होता. खोटं होतं ते त्यानं स्वतः वर ठेवलेलं वजन, त्याची काठी.

जिन्यावर पावलं वाजली. वरच्या मजल्यावर राहणारा एर्ची कठड्याला धरून खाली आला. टेबलावर सुटी पडलेली काठी बघून तो जागीच थांबला.

"केव्हापासून?" डूगलनं विचारलं.

"तुझ्या खांद्याच्या ऑपरेशनपासून. अकरा वर्षं. दर हिवाळ्यात मूठ बदलायला काठ्या आणून द्यायचास, तेव्हा दांडाही बदलायचो. पट्टी तीच ठेवायचो."

"मला फसवलंस तू."

"फसवलं. सीनियर घे म्हटल्यावर काय म्हणाला होतास, आठवतंय? त्यापेक्षा खेळणंच सोडतो म्हणालास. मी काय करायचं होतं लेका? गुरुवारी भांडायचं कुणाशी?"

डूगलला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्या अकरा वर्षांत त्यानं दोनदा कप जिंकला होता. दोन्ही वेळा एर्चीला "ही बघ कडक दांड्याची करामत" म्हणून डिवचलं होतं, आणि एर्ची मुकाट्यानं हसला होता.

तो चहा न घेताच उठला आणि थेट क्लबात गेला.

दुपारची वेळ, जवाच्या सूपाभोवती सगळे जमलेले. हेक्टर मॅकफेल खाटीक टेबलाच्या टोकाशी होता. तीस वर्षांपूर्वी अर्ध्या औंसाच्या फरकापायी डूगलनं भर बाजारात त्याच्या काट्याला सील ठोकलं होतं. हेक्टर ते एक दिवसही विसरला नव्हता.

"काय निरीक्षकसाहेब? लबाड निघालं ना मशीन?"

एक 'हो' पुरेसा होता. पट्टी जागेवर राहिली असती आणि दुकान गेलं असतं.

"मशीन खरं आहे," डूगल म्हणाला. "खोटी माझी काठी आहे. अकरा वर्षं सीनियर दांड्यावर खेळतोय. वर पट्टी कडकची."

खोलीत चमचेसुद्धा थांबले.

"म्हणजे एर्चीनं तुला गंडवलं?" हेक्टरनं विचारलं.

"एर्चीनं नाही. मीच त्याला ती पट्टी लावायला सांगितली होती."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मापाबाबत खोटं सांगितलं होतं. हेक्टर सावकाश उभा राहिला. या घटकेची तो तीस वर्षं वाट पाहत होता.

"माझा काटा अर्ध्या औंसानं चुकला होता. तुझा कितीनं?"

"सत्तावीसनं."

हशा असा उसळला की खिडक्या हादरल्या. डूगलचे कान लालबुंद झाले, पण तो हलला नाही. हसून हसून दमल्यावर हेक्टरनं कोपऱ्यातली आपली काठी उचलली आणि मुठीखालची सोनेरी पट्टी नखानं खरवडून पाहिली.

"हा दांडाही एर्चीनंच बसवलाय," तो हळूच म्हणाला. "ती पोरगी उद्या दुकान किती वाजता उघडते रे?"

टेबलावरचे बाकीचेही एकेक करून आपापल्या काठ्यांकडे उठले.