घरचा संगणक

वरच्या फळीवर, खोक्यांच्या आड बसलेला पिवळट संगणक मीच. मला कुणी काही विचारलेलं नाही, तरी बोलतोय. कारण खाली टेबलावर जे झालं ते अजून माझ्या पचनी पडलेलं नाही.

ताईंच्या, म्हणजे माझ्या मालकिणीच्या, लग्नानंतर घरात आलेली पहिली मोठी वस्तू मी. दोघं नवरा-बायको माझ्यासमोर खेटून बसत आणि कळफलकावरून भांडत. पुढे चपळ यंत्रं आली, मी या फळीवर गेलो. माझ्या पोटातली घड्याळाची बॅटरी काढायचं राहून गेलं. ती पाझरली, सर्किट बोर्डवर हिरवा गंज चढला आणि तांब्याच्या बारीक रेघा खाऊन बसला.

गंमत म्हणजे, ताई घरीच लोकांचे जुने संगणक दुरुस्त करतात आणि त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. मला म्हणाल्या, "सवड मिळाली की तुझंच काम." ती सवड अजून यायचीय.

मग एक आजी आल्या. सोबत हुबेहूब माझ्यासारखाच संगणक.

"आमच्या ह्यांनी यात पत्त्यांचा डाव बसवलाय," आजी म्हणाल्या. "मी हरले की हा चिडवतो मला. ते गेले, आता हाही बंद पडलाय. कुणी चिडवतच नाही बघ."

त्याचा बोर्ड माझ्याहून वाईट निघाला. तरी ताईंनी व्हिनेगर लावून, जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने गंज काढला. तुटल्या रेघांच्या जागी केसासारख्या तारा जोडल्या. मध्येच फुंकर घालायच्या, जणू लेकराच्या गुडघ्याला लागलंय. मी वर बसून नुसता धुमसत होतो.

एवढं करूनही पडदा काळाच. चित्र दाखवणारी चिप गेली होती. ताईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी वेडा, हरखलो.

"अगं, आपल्याचीच काढतेस?" ताईंच्या यजमानांनी विचारलं.

"बाहेर कुठे मिळत नाही. आणि हा काय पळून जातोय?"

माझी चिप त्याच्या पोटात गेली. आजी आल्या, खेळल्या, हरल्या. पडद्यावर उमटलं, 'हरलीस ना? आधी पत्ते धरायला शीक.'

आजी हसल्या, मग डोळे पुसत पडद्याला म्हणाल्या, "अजून लबाडीच करताय तुम्ही."

ती अक्षरं माझ्या चिपने उमटवली होती. आजी बोलल्या मात्र त्याच्याशी. माझ्याशी असं कधी कुणी बोललंय?

निघताना आजींनी वर बोट दाखवलं. "तो कुणाचा गं?"

"तो होय? तो आमचा घरचाच," ताई म्हणाल्या. आवाजात माया होती, नाही कसं म्हणू? पण तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक दारात आलं आणि ताई लगबगीने उठल्या.

ताई, पोटातली चिप गेली त्याचं एवढं नाही. पण घरचा, घरचा म्हणून किती दिवस वर ठेवाल? एकदा तरी मला परक्याचा समजा.