बाराशे चाचण्यांतली एक

"एक सोडून सगळ्या चाचण्या पास आहेत ना? मग ती एक बंद कर आणि पॅकेज पाठव," पुण्याहून भागवत सर फोनवर म्हणाले.

"सर, पण ती मराठी वेळेची हाय," सुकेशनी म्हणाली. "एक वाजून तीस मिनिटाला दीड म्हनायला पायजे. नवीन आवृत्ती अडीच म्हनायलीय."

"तुझ्या त्या दीडपायी बाकीच्या अकरा भाषा अडकल्यात. पुढच्या वेळी बघू."

सुकेशनीची कंपनी मोबाइलवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं अ‍ॅप बनवायची. दुसऱ्यांनी लिहिलेला मूळ कोड घ्यायचा, त्यापासून फोनवर टाकता येईल असं पॅकेज बांधायचं, हे तिचं काम. ती ते परभणीत घरी बसूनच करायची. बांधणी झाली की बाराशे चाचण्या आपोआप चालत. एक जरी नापास झाली तरी पॅकेज अडायचं. हा नियम कंपनीत सगळ्यांना फार आवडे, घाई नसेल तेव्हा. मराठीच्या चाचण्या तिनेच लिहिल्या होत्या, कारण दीड आणि अडीचची काळजी दुसऱ्या कुणाला नव्हती.

वगळायच्या चाचण्यांच्या यादीत तिने एक ओळ वाढवली. कारणाच्या जागी 'नंतर बघू' असं लिहिलं. पडद्यावर सगळं हिरवं झालं, पॅकेज गेलं आणि तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

तीन आठवड्यांनी गल्लीतल्या दिनकरराव गुरुजींची थोरली बहीण वारली. गुरुजी जन्मापासून आंधळे; शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या फोनवर ते अ‍ॅप सुकेशनीनेच टाकून दिलं होतं. ती भेटायला गेली तेव्हा ते खाटेवर एकटेच बसले होते.

"आक्काची शेवटची भेट झाली का, गुरुजी?"

"न्हाई झाली. भाच्यानं, बबलूनं, सगळ्या पाव्हण्यांना एकच मेसेज टाकला व्हता. फोनानं वाचलं, माती अडीच वाजता. देवगाव फाट्याला उतरलो तवा दोन वाजले व्हते. म्हनलं, हाय वेळ. गावात गेलो तर लोक माती करून परतायले व्हते."

सुकेशनीने फोन मागून घेतला आणि मेसेज उघडला. 'माती दुपारी १:३० वाजता.'

"तुमी लोक तोंड बघता," गुरुजी म्हणाले. "माझं बघणं म्हंजे हात लावणं. आक्काचं तोंड मला हातानंच ठाऊक. एकदा हात फिरवायचा व्हता, बस."

गप्प बसली असती तर कुणालाच कळलं नसतं. पण तिला ते जमलं नाही.

"गुरुजी, ती चूक मला ठाऊक व्हती. वेळेची चाचणी नापास व्हायली व्हती. मीच ती बंद केली."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला.

"म्हंजे पोरगं नापास व्हायलंय म्हनून त्याचा पेपरच घेतला न्हाई?"

"व्हय."

गुरुजी किंचित हसले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर तिला सोसल्या असत्या. हे हसणं सोसवेना. तिचे डोळे भरून आले.

"मी आत्ता जुनी आवृत्ती टाकून देते."

"टाक की."

ती टाकत असतानाच बबलूचा नवा मेसेज आला. "वाच बरं," गुरुजी म्हणाले.

"दहावा रविवारी हाय. सकाळी साडेनऊला, नदीवर."

"साडेनऊ?"

"व्हय गुरुजी. साडेनऊ."

"बरं." त्यांनी फोनसाठी हात पुढे केला. बोटांनी चाचपत नंबर लावला.

"बबलू, मामा बोलायलोय. दहाव्याला किती वाजता यायचं रे?"

सुकेशनी खाली मान घालून बसून राहिली. पलीकडचं बोलणं संपलं. गुरुजींनी फोन उशाशी ठेवला आणि तिच्या बाजूला तोंड वळवलं.

"बराबर वाचलंस, बाळा," ते म्हणाले.