सकाळची बोट

टोचून घ्यायला आईला दवाखान्यात नेलं, तिथूनच ताईचं डोकं फिरायला सुरुवात झाली. बाक माणसांनी भरलेला, आणि आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती, "मुलाने बोलावलंय मला. बेटावर असतो. चारी बाजूंनी समुद्र! तिकडचे ताप वाईट म्हणे, म्हणून आधी सुया टोचायच्या."

शेजारच्या बाईने ताईकडे बघून विचारलं, "आणि ह्या कोण?"

"ही होय? ही माझ्याबरोबर आलीय."

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला उठवून बसवणं, आंघोळ घालणं, धरून धरून चालवणं, सगळं ताईच करत होती. शिवाय सोफ्यांची कव्हरं शिवणाऱ्या कारखान्यात दिवसभर उभं राहून कापड बेतायचं. तिचा धाकटा भाऊ, जो घरात अजून बारक्याच होता, एसी दुरुस्त करायला त्या बेटावरच्या शहरात गेला आणि तिथेच दुकान थाटून बसला. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याला येता आलं नाही. सीझन होता म्हणे. एसीवाल्याला तिथे बाराही महिने सीझनच.

आता मात्र त्याच्या प्रेमाला नुसतं उधाण आलं होतं. रोज फोनवर त्याचे बोललेले निरोप यायचे. "ताई, सुतीच कपडे आण, इथे घामाने जीव जातो." "ताई, डासांचं मलम विसरू नकोस." "ताई, आईला बंद बूट नकोत, पाय भिजून कुजतात." "ताई, बोटीत तिला मधोमध बसव, कडेला जास्त हेलकावे बसतात."

"सगळं कळतं ह्याला," ताई बॅगेत कपडे कोंबत म्हणायची. "फक्त स्वतः येऊन न्यायचं तेवढं कळत नाही."

"किती चिडशील?" आई म्हणायची. "बोलावतोय ना प्रेमाने?"

रजेसाठी मालकाशी जुंपली ती वेगळीच. सिनेमागृहाच्या खुर्च्यांची मोठी ऑर्डर होती. लाल मखमलीचे तागे भिंतीला टेकून उभे होते.

"हे सगळं सोडून तुम्ही समुद्र बघायला जाणार?" मालक म्हणाले.

ताईने कात्री टेबलावर आपटली. "इतक्या वर्षांत मी साधी आजारीसुद्धा पडले नाही. पडायला वेळच नव्हता. आता पंधरा दिवस द्या, नाहीतर ही मखमल दुसऱ्या कोणाकडून बेतून घ्या."

मालकांनी मखमलीकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्या संध्याकाळी घरी येताना ताईने स्वतःसाठी एक निळा पोहण्याचा पोशाख घेतला. शाळेत असताना ती चांगली पोहायची. पोशाख तिने बॅगेत अगदी तळाशी, टॉवेलात गुंडाळून ठेवला. चाळिशी उलटलेल्या बाईला ह्याची लाज का वाटावी, ह्याचाही तिला रागच आला.

विमानाच्या दारातून बाहेर पडल्या तशी तोंडावर वाफ आल्यासारखी हवा आली. तिथून टॅक्सी आणि मग बोट. आईला मधोमध बसवलं, तर तिने हट्टाने कडेची जागा घेतली आणि तोंडावर उडणारं पाणी चाटत बसली. पलीकडे उंच इमारती आणि त्यांच्या पायाशी दाट झाडं दिसायला लागली. बऱ्याच दिवसांनी ताईचे खांदे जरा सैल पडले. तेवढ्यात बारक्याच्या बायकोचा फोन आला.

"ताई, बोट मिळाली ना? छान. मी विचारत होते, उद्या सकाळच्या बोटीला तुम्हाला डबा देऊ का? परत जाताना बोटीवर काही मिळत नाही."

"उद्या? परत कोण जातंय?"

"म्हणजे... तुम्ही आईंना सोडून लगेच निघणार ना? ह्यांनी परतीचं तसंच काढलंय. आईच म्हणाल्या होत्या..."

ताईने फोन बंद केला. तिकिटं बारक्यानेच काढली होती. येतानाचं तेवढं त्याने तिला पाठवलं होतं, परतीचं बघतो म्हणाला होता.

"आई, तुला माहीत होतं?"

आई पाण्याकडे बघत राहिली. "मी आता इकडेच राहणार आहे. म्हटलं, घरीच सांगितलं असतं तर तू निघालीच नसतीस."

"आणि मी? मला सामानासारखं परत पाठवणार? मालकाशी भांडून रजा काढलीय मी!"

"हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत!"

लोक खरंच बघत होते. धक्क्यावर बारक्या चाकांची खुर्ची घेऊन उभा होता, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, तोंडभर हसू. ताई उतरली ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी हमाल आहे का रे? माल पोचवायचा आणि पावती घेऊन परत?"

"ताई, ऐक तरी. घर लहान आहे. आणि तुझी नोकरी..."

"माझी नोकरी! ऑपरेशनच्या वेळी कुठे आठवली तुला माझी नोकरी?"

आईला त्याने खुर्चीत बसवलं, ते इतकं अवघडून, की ताईचे हात आपोआप पुढे झाले. तिने ते मागे घेतले. आपली बॅग उचलली आणि उन्हात चालायला लागली. मागून दोघांच्या हाका येत राहिल्या.

मासेमारीची जाळी विकणाऱ्या दुकानाच्या वर तिला खोली मिळाली. पलंग, पंखा आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी. रात्रभर ती मनातल्या मनात बारक्याला बोलत होती. सकाळच्या बोटीचा भोंगा वाजला तेव्हा ती उशीला टेकून बसलेली होती. वाजू दे, तिने म्हटलं. मग ती निळा पोशाख घालून समुद्रात गेली आणि रागारागाने पोहली. पाणी कोमट होतं, त्याचाही तिला राग आला.

बारक्याचे फोन तिने घेतले नाहीत. खोलीचा पत्ता मात्र एकदा लिहून पाठवला, म्हणजे शोधायला पोलिसांकडे जायला नको.

तिसऱ्या दिवशी खिडकीखालून आवाज आला. "खाली ये!"

रस्त्याच्या मधोमध चाकांच्या खुर्चीत आई, मागे छत्री धरलेला बारक्या. एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

"नाही येत!" ताई खिडकीतून ओरडली.

"मला जिना चढता येत नाही!"

"मला ठाऊक आहे! मीच चढवत होते!"

"हेच!" आई जोरात म्हणाली. "हेच ऐकून ऐकून माझे कान किटलेत! तू खोकलीस तरी वाटतं, माझ्यावरच खोकतेस. करतेस सगळं, पण भांडी आपटत करतेस. मला नाही राहायचं आता तसं. इथे हा दोनदा पाडेल मला, पण रागाने नाही पाडणार!"

जाळीवाला दुकानातून बाहेर येऊन बघायला लागला. ताईच्या तोंडून शब्द आले ते संतापाचेच. "मग तोंडावर सांगायचं! ओझं माझ्यावर टाकताना मला कोणी विचारलं नाही. काढून घेतानाही नाही विचारलं. मी कोण आहे तुम्हा दोघांची?"

आई पदराने मानेवरचा घाम पुसत राहिली. मग बारक्या हळूच म्हणाला, "ताई, माझं चुकलं. काल आंघोळीला मी तिला खरंच पाडलं. लागलं नाही फार. पण मला येत नाही गं काही."

"मग शीक!"

ताई खाली उतरली. आईच्या कोपराला पट्टी होती. तिने ती उचकटून बघितली, परत चिकटवली. आई तिचा हात धरायला गेली तसा तिने काढून घेतला.

"मी रजा संपेपर्यंत इथेच आहे," ती म्हणाली. "ह्याच खोलीत. तुझ्या घरी राहायला येणार नाही आणि आईची आंघोळही मी घालणार नाही. पाहिजे तर उभी राहून सांगेन, कसं धरायचं ते. आणि परतीचं तिकीट नवं काढायचं, माझ्या तारखेचं."

"काढतो," बारक्या म्हणाला.

"आई, तू राहा इथे. खुशाल राहा. पण मला राग आलाय आणि तो लगेच जाणार नाही. फोनवर गोड बोलून तर अजिबातच नाही."

"नाही गेला तर नाही गेला," आई म्हणाली. "पण खिडकीतून ओरडू नकोस. मान दुखते माझी वर बघून."

ताईला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांच्या घरी गेली आणि न्हाणीघराच्या दारात हाताची घडी घालून उभी राहिली. बारक्याने आईच्या काखेत हात घातले.

"तिथे नाही," ती म्हणाली. "कमरेला धर. कमरेला! दोन्ही हातांनी."